नुसते शब्द

अनुग्रहनं नवा टेपरेकॉर्डर जेवणाच्या टेबलावर ठेवला, वायर खिडकीजवळच्या प्लगला लावली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "मम्मी, पोळ्या राहू दे. आधी इकडे ये."

मम्मी पिठाचे हात पुसत आली. तिच्यामागे मी. पप्पा रविवारची उपासना आटोपून नुकतेच आले होते. झगा काढून खुंटीला लावला होता, पण गळ्यातली पांढरी कॉलर अजून तशीच होती.

"तुझा आवाज आहे ना नक्की?" मम्मीनं विचारलं.

"ऐक तर."

अनुग्रह माझा मोठा भाऊ. प्रवरेकाठच्या आमच्या त्या लहानशा गावात पप्पा चर्चचे पाळक होते, आणि खरं सांगायचं तर नाताळाला आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून जी माणसं यायची ती पप्पांच्या उपदेशासाठी नव्हे, अनुग्रहच्या गाण्यासाठी यायची. हार्मोनियम पुढ्यात ओढून त्यानं पहिला सूर लावला की मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्याही कुजबुज थांबवायच्या. दोन वर्षांपूर्वी तो पुण्याला गेला, एका ऑर्केस्ट्रात गाऊ लागला, आणि आता त्याचं स्वतःचं पहिलं गाणं कॅसेटवर आलं होतं.

गाणं सुरू झालं. ढोलकी, मग बँजो, मग आमचा अनू. चाल अशी होती की दुसऱ्या ओळीलाच मम्मीची मान हलायला लागली. मीही पायानं ठेका धरला. पप्पा डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांची बोटं टेबलावर ताल देत होती.

पप्पांना सिनेमाची गाणी वर्ज्य होती असं मुळीच नाही. रेडिओ आमच्याकडे सकाळपासून चालू असायचा. पंचमंडळींपैकी जगन्नाथराव पारधे दर वर्षी बैठकीत तक्रार करायचे की अनुग्रह भजनांना सिनेमाच्या चाली लावतो. पप्पा त्यांना म्हणायचे, "आपल्या आजोबांनी तमाशाच्या चालींवर भजनं बांधली, जगन्नाथराव. चालीला बाप्तिस्मा लागत नाही."

गाणं संपलं. मम्मीनं अनूच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पुन्हा लाव," पप्पा म्हणाले.

अनूनं खुशीत कॅसेट मागं फिरवली. या वेळी पप्पांची बोटं हलली नाहीत. ध्रुपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांनी स्वतः हात पुढं करून टेप बंद केला.

"आता चाल सोड. नुसते शब्द म्हण."

"म्हणजे?"

"बोलून दाखव. आपण बोलतो तसं."

अनू हसला. "पप्पा, गाणं आहे ते."

"कळलं. तरी म्हण."

अनूनं घसा साफ केला. मम्मीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नको म्हणते तोंडानं, मनात तिच्या हो रं," एवढं म्हणाला आणि थांबला.

"पुढं?"

पुढची ओळ आम्ही सगळ्यांनी दोनदा ऐकली होती. धर पदर, सोडू नको, लाजण्याचा डाव तो रं. अनूचे कान लाल झाले. त्याला ती म्हणता येईना.

"आईबहिणीसमोर जे बोलवत नाही," पप्पा सावकाश म्हणाले, "ते गाववतं कसं रे?"

"मी नाही लिहिलं ते. मला कागद दिला, मी गायलो. आणि पप्पा, शब्द कोण ऐकतं? लोक चाल ऐकतात."

"लोकांचं राहू दे. गाताना तू ऐकतोस का?"

मम्मी म्हणाली, "जेवून घ्या आधी. पोरगं इतक्या दिवसांनी आलंय." पप्पांनी मान खाली घालून भोजनाची प्रार्थना केली आणि विषय तिथंच राहिला. त्यांनी अनूला रागावलं नाही. पुढं जगन्नाथरावांनी चर्चमध्ये त्याचं नाव घेऊन काही बोलायची परवानगी मागितली तेव्हाही पप्पांनी साफ नकार दिला. म्हणाले, "मुलगा माझा आहे. त्याला चारचौघांत खाली मान घालायला लावून तो सुधारेल असं मला वाटत नाही."

उन्हाळ्यापर्यंत ते गाणं सगळीकडे पोचलं. लग्नाच्या वरातीत तेच, रसवंतीच्या टेपवर तेच, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांवर तेच. मी बाजारात गेले की भाजीवाल्या म्हणायच्या, "तुझ्या भावाचं लागलंय बघ." मला अभिमान वाटायचा, हे लपवून काय उपयोग.

मृदुला त्रिभुवन तेव्हा अकरावीत होती. तिची आई, तारामावशी, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. नवरा लवकर गेला होता. मृदुला एकुलती एक. चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत मी लहान मुलांना शिकवायचे तेव्हा ती मला मदत करायची, आणि बायबलमधली दावीद आणि धिप्पाड गल्याथाची गोष्ट सांगताना स्वतःच गल्याथ होऊन धाडकन जमिनीवर पडायची, मुलं खिदळून लोळायची. तिला गायला अनूनंच शिकवलं होतं. वरच्या पट्टीत तिचा आवाज चिरकायचा म्हणून त्यानं तिला खालचा सूर धरायला शिकवला, आणि मग त्या खालच्या सुराचा तिला असा गर्व झाला की कोणीही गात असलं तरी ती आपली खालून साथ द्यायची, अगदी राष्ट्रगीतालासुद्धा.

एका रविवारी मुलं गेल्यावर ती बाकं सरळ करत रेंगाळली.

"शलोमीताई, अनुदादा कधी येणार आहे?"

"का गं?"

"काही नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "क्लासवरून येताना पाटाच्या रस्त्यावर एक मुलगा ट्रॅक्टर घेऊन माझ्या सायकलमागं येतो. दादाचं गाणं लावतो मोठ्यानं. आणि ते पदराचं कडवं आलं की ओढणीकडं हात करतो."

"किती दिवस चाललंय?"

"झाले बरेच. मी त्याला सांगितलं, नको त्रास देऊ. तर म्हणतो, पुन्हा म्हण. नको म्हण. त्याचे मित्र हसतात." तिनं एक बाक भिंतीला टेकवलं. "ताई, दादाला नका सांगू. त्याला वाईट वाटेल."

मी त्याच दिवशी पप्पांना सांगितलं आणि संध्याकाळी बूथवर जाऊन अनूलाही फोन केला. मागे कुठंतरी तबला जुळवण्याचा आवाज येत होता.

"टवाळ पोरं आहेत, शलू," तो म्हणाला. "माझं नसतं तर दुसरं कुठलं तरी लावलं असतं. तिला म्हणावं रस्ता बदल."

"दुसरा रस्ता नाहीये."

"मग पप्पांना सांग त्याच्या घरी बोलायला."

पप्पा गेलेच होते. मुलाचे वडील मोठे बागायतदार, बोलायला अदबशीर. त्यांनी पप्पांना ओसरीवर बसवलं, चहा दिला. सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "पाळकसाहेब, गाणं तुमच्याच चिरंजीवांचं ना? मग आमच्या पोरानं वाजवलं तर त्याचं काय चुकलं? बरं, सांगतो मी त्याला."

पप्पा घरी आले ते न जेवताच झोपले.

त्यांनी मुलाला काही सांगितलं की नाही ते देव जाणे. पुढचे काही दिवस तारामावशी स्वतः लेकीला आणायला जात होती. मग वसतिगृहात कुणीतरी पाहुणे आले, मावशीला सुट्टी मिळेना, आणि त्या संध्याकाळी मृदुला एकटीच निघाली.

पाटाला पाणी सुटलेलं होतं. काठोकाठ भरून चाललं होतं. पलीकडच्या शेतात कांदे काढणाऱ्या बायकांनी सगळं पाहिलं. ट्रॅक्टर तिच्या बरोबरीनं चालत होता, गाणं लागलेलं होतं, पोरं टाळ्या वाजवत होती. मुलानं वाकून तिची ओढणी धरली. ती ओरडली, सायकल वेडीवाकडी झाली आणि ती सायकलसकट पाटात गेली. पोरं ट्रॅक्टर सोडून पळाली. बायका धावत पाटापर्यंत पोचल्या तेव्हा पाण्यावर काही नव्हतं. ट्रॅक्टरवरचा टेप मात्र चालूच होता. त्यातल्या एकीनं नंतर मला सांगितलं, तो बंद कसा करायचा ते आम्हाला कळेना, म्हणून दगड घालून फोडला.

मृदुला पुढच्या गावाजवळ पाटाच्या फाटकाला अडकलेली सापडली.

अनूला निरोप गेला तो एवढाच की मृदुला पाटात पडून वारली, उद्या दुपारी माती आहे. तो एसटीनं आला आणि स्टँडवरून थेट चर्चमध्ये आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. शवपेटी वेदीसमोर ठेवली होती. मी त्याला बाजूला घेऊन सांगणार होते, पण माणसांची दाटी एवढी की मला त्याच्यापर्यंत पोचता आलं नाही. तो पेटीजवळ गेला, मृदुलाच्या कपाळाला हात लावला, आणि मग आपसूकच, जसा पुण्याला जाण्यापूर्वी प्रत्येक मातीला जायचा तसा, डावीकडे हार्मोनियमशी जाऊन बसला.

पप्पांनी वचन वाचलं. प्रार्थना केली. मग पुस्तकातल्या गीताचा आकडा सांगितला. अनूनं भाता उघडला.

तारामावशी पहिल्या बाकावर होती. सकाळपासून तिनं ना आवाज काढला होता ना पाणी घेतलं होतं. ती उठली.

"अनू," ती म्हणाली. "तू नको."

अनूला वाटलं त्याच्या प्रवासाची दगदग पाहून ती म्हणते आहे. "नाही मावशी, मी म्हणतो. मृदुलासाठी मी म्हणणारच."

"नको, बाबा." तिचा आवाज अगदी हळू होता, पण चर्चमध्ये तेव्हा तान्ही पोरंही गप्प होती. "पाटावर त्यांनी तुझं गाणं लावलं होतं. माझ्या लेकीनं मरताना तुझाच आवाज ऐकलाय. आता पुरे झाला."

अनूचा हात पट्ट्यांवर तसाच राहिला. भात्यातली हवा हळूहळू संपली आणि एक सूर लांबत लांबत विझला. त्यानं पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी मान हलवली नाही, नजरही चुकवली नाही. मग अनू उठला आणि भिंतीच्या कडेकडेनं मागं जाऊन दाराशी उभा राहिला.

गीत पप्पांनीच सुरू केलं. त्यांना सूर नव्हता. पहिली ओळ इतकी वर लागली की दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे आवाज फाटले. तशीच आम्ही ती चारही कडवी म्हटली. खालचा सूर धरायला कोणी नव्हतं.

कबरस्तानातून घरी आल्यावर अनूनं मला एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. फोनवर जे सांगितलं होतं तेही पुन्हा सांगितलं. मग त्यानं पप्पांना विचारलं, "तो पोरगा पोलिसांना काय म्हणाला?"

"कशाला ते आता," मम्मी म्हणाली.

"सांगा, पप्पा."

पप्पा सकाळी जबाबाच्या वेळी चौकीवर होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणाला, ती नको म्हणत होती, पण तसं सगळ्याच म्हणतात." मग पप्पा म्हणाले, "खोटं बोलत नव्हता, अनू. त्याला खरंच तसं वाटत होतं. रडत होता पोरगा."

अनू उठून मागच्या अंगणात गेला आणि हौदाच्या कट्ट्यावर बसून राहिला. मम्मी दोनदा त्याला बोलवायला गेली. तिसऱ्यांदा पप्पा तिला म्हणाले, "बसू दे त्याला."

तो पुण्याला परत गेला तो फक्त एका दिवसासाठी. कॅसेटवाल्यांना भेटला. ते गाणं काढून टाका म्हणाला. तिथले मालक सज्जन गृहस्थ होते असं तोच सांगायचा. त्यांनी त्याला खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "बाळा, आम्ही उद्या छापणं बंद केलं तरी गल्लोगल्ली नकला निघाल्यात. ते गाणं आता तुझंही नाही आणि माझंही नाही." अनू सामान घेऊन गावी आला आणि प्राथमिक शाळेत शिकवायला लागला. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा. गीत सुरू झालं की पुस्तक उघडायचा, ओळींवरून बोट फिरवायचा, तोंड उघडायचा नाही. तारामावशी त्याच्याशी बोलत नव्हती. टाळायचीही नाही. समोरून आला तर रस्ता द्यायची.

त्या मुलाची केस पुढं ढकलली जात राहिली आणि शेवटी अपघात म्हणून मिटली. कांदे काढणाऱ्या बायका कोर्टात आल्याच नाहीत.

पुढच्या मे महिन्यात तारामावशीच्या गल्लीतल्या एका घरी लग्न निघालं. वरात तिच्या दारावरूनच जाणार होती. अनू दोन दिवस आधीच नवऱ्या मुलाच्या वडिलांना भेटून आला. ते म्हणाले, "नाही लावणार, गुरुजी. आम्हाला काय माणुसकी नाही का?" बँजो पार्टीवाले शब्बीरभाई अनूचे जुने ओळखीचे. त्यांनाही त्यानं सांगितलं. तेही हो म्हणाले.

तरी त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "शलू, चल माझ्याबरोबर. मावशीच्या दाराशी उभे राहू."

आम्ही गेलो. अजून उजेड होता. मावशीचं दार लोटलेलं होतं. वरात गल्लीत शिरली. शब्बीरभाईंनी देवाचं गाणं वाजवलं, मग दुसरं एक वाजवलं. मावशीचं घर चार घरांवर आलं आणि नाचणाऱ्या पोरांतून ओरडा झाला, "नको म्हणते, नको म्हणते! लाव भाई!"

शब्बीरभाईंनी मान हलवली. पोरं ऐकेनात. एकानं बँजोवर हात आपटला. शब्बीरभाईंनी वाजवणंच थांबवलं. तर पोरांनी नुसत्या टाळ्यांवर ते गाणं स्वतःच सुरू केलं. बँजोशिवाय, ढोलकीशिवाय. सगळ्या गल्लीला ते पाठ होतं. लहान मुलींनासुद्धा.

अनू पुढं झाला. हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. "थांबा. इथं नको. हात जोडतो, इथं नको."

"अरे, हाच तो! गाणारा हाच!" कुणीतरी ओरडलं.

त्यांना त्याचा रागबिग काही आला नव्हता. उलट आनंद झाला होता. चौघांनी त्याला धरलं आणि खांद्यावर उचललं.

"नको, सोडा मला. नको म्हणतोय ना मी."

"लाजतोय, लाजतोय!" पोरं हसली आणि गाणं अजून जोरात झालं. कुणी त्याच्यावर गुलाल उधळला. कुणी त्याचा शर्ट ओढून धरला, तो पडू नये म्हणून. तो ओरडत होता, लाथा झाडत होता, रडत होता, आणि जितका तो नको म्हणत होता तितक्या टाळ्या वाढत होत्या. मी गर्दीत शिरून एकेकाचे हात ओढत होते. माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तसंच त्याला नाचवत ते मावशीच्या दारावरून गेले. दार उघडं होतं. मावशी उंबऱ्यात उभी होती आणि पाहत होती.

गल्लीच्या टोकाला त्यांनी त्याला खाली ठेवलं, पाठीवर थापा मारल्या आणि पुढं निघून गेले.

अनू परत चालत आला. शर्टाची बाही फाटली होती. तोंड गुलालानं माखलं होतं आणि त्यात डोळ्यांखाली दोन ओघळ धुऊन निघाले होते. तो मावशीच्या पायरीशी येऊन थांबला. वर बघेना.

"ऐकलं नाही त्यांनी," तो म्हणाला. "मी नको म्हणत होतो, मावशी. किती वेळा म्हटलं."

"पाहिलं मी," तारामावशी म्हणाली.

ती आत गेली, तांब्या भरून आणला आणि दाराबाहेर येऊन त्याच्या ओंजळीवर पाणी धरलं.

"धू तोंड," ती म्हणाली. "आणि बस जरा. लगेच जाऊ नको."

तो पायरीवर बसला. तीही त्याच्या शेजारी बसली.